विमानातला ओझोन: पुण्याहून लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोथरूडमधल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात दरवर्षी फेब्रुवारी उजाडला की परदेशी निघणाऱ्यांची तयारी सुरू होते. व्हिसा, विमा, व्हीलचेअर, बॅगेत किती किलो भाजणी न्यायची, सगळ्याची चर्चा होते. विमानातल्या हवेचा विषय मात्र कोणी काढत नसे. मी एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत होते, तरी माझ्याही तो ध्यानात आला नव्हता. मग एका मार्च महिन्यात माझी थोरली बहीण मुलाकडे अमेरिकेला गेली. तिला दमा आहे, पण औषधं नियमित असल्याने तो ताब्यात असतो. उड्डाणाच्या सहाव्या-सातव्या तासाला तिला कोरडा खोकला सुरू झाला आणि खोल श्वास घेतला की छातीत टोचायला लागलं. "एसीमुळे होतं," असं सांगून तिला आणखी एक पांघरूण मिळालं. तिला जे झालं ते ओझोनमुळेच झालं, असा दावा मी करणार नाही, कारण त्या विमानात कोणी काही मोजलं नव्हतं. पण त्या खोकल्यापासून मी हा विषय वाचायला लागले. संघात त्यावर दोनदा बोलले, तेव्हा आलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे मांडते आहे.

ओझोनचा थर तर खूप वर असतो. विमानात तो येतो कुठून?

थर वर असतो हे खरं, पण तो कापलेल्या कागदासारखा एका उंचीवर सुरू होत नाही. ओझोन सर्वांत दाट असतो साधारण २० ते २५ किलोमीटरवर. तिथून खाली तो विरळ होत जातो, आणि स्थितांबराच्या, म्हणजे आपल्या ढग-पावसाच्या थरावर (तपांबरावर) असलेल्या थराच्या, तळापर्यंत त्याचं प्रमाण जमिनीजवळच्या हवेपेक्षा बरंच जास्त असतं. प्रवासी विमानं ९ ते १२ किलोमीटरवरून उडतात. तेव्हा विमान स्थितांबराच्या तळात शिरतं की त्याच्या खालीच राहतं, हा खरा प्रश्न आहे.

ते कुठे उडतंय यावर हे ठरतं. तपांबर आणि स्थितांबर यांच्यामधली सीमा, म्हणजे तपस्तब्धी, पृथ्वीभर एका उंचीवर नसते. लग्नाच्या मांडवाचं छत मध्ये उंच आणि कडेला उतरतं असतं, तसं काहीसं समजा. विषुववृत्ताजवळ ती १६ ते १८ किलोमीटरवर असते, युरोप-अमेरिकेच्या अक्षांशांवर १० ते १२ वर येते आणि ध्रुवाजवळ ८-९ किलोमीटरपर्यंत उतरते. विमानाची उंची तीच राहते, पण उत्तरेकडे जाताना हे छतच खाली येतं आणि विमान त्याच्या वर निघतं. बाहेरच्या हवेत तिथे काहीशे पीपीबी ओझोन असू शकतो. पीपीबी म्हणजे हवेच्या एक अब्ज रेणूंमागे ओझोनचे किती रेणू, तो आकडा.

केबिनमध्ये ताजी हवा सतत बाहेरूनच घेतली जाते. त्या हवेबरोबर ओझोनही आत येतो.

शाळेत तर ओझोन आपलं रक्षण करतो असं शिकलो. मग तो अपायकारक कसा?

दोन्ही खरं आहे. वर असताना तो सूर्याची अतिनील किरणं शोषतो, आणि त्यासाठी त्याने आपल्या नाकात जायची गरज नसते. ऑक्सिजनच्या दोन अणूंच्या रेणूला तिसरा अणू चिकटला की ओझोन होतो. हा तिसरा अणू सैल असतो आणि जे समोर येईल त्याला जाऊन धरतो: रबर, रंग, त्वचेवरचा तेलकटपणा, श्वासनलिकेचं ओलसर अस्तर. वातावरणातला सगळा ओझोन जमिनीवरच्या दाबाला आणून पसरला, तर जेमतेम ३ मिलिमीटरचा थर होईल. एवढासा वायू अख्ख्या जीवसृष्टीला सांभाळतो, याचं मला अजूनही फार अप्रूप आहे.

पुणे–दिल्ली, पुणे–बंगळूर किंवा लोहगावहून दुबई, सिंगापूर. यात काळजी करायची का?

नाही. या अक्षांशांवर स्थितांबराचा तळ विमानाच्या बराच वर असतो आणि प्रवासही साधारण दीड ते पाच तासांचा असतो. उत्तर भारतावरून हिवाळ्यात जोरदार झोतवारे वाहतात, त्यांच्या आसपास वरची हवा कधीकधी खाली ओढली जाते, पण तेवढ्यासाठी कोणी तिकीट बदलू नये.

मग कोणत्या मार्गावर, आणि कोणत्या महिन्यांत?

उत्तर अमेरिकेकडे जाणाऱ्या आणि खूप उत्तरेवरून वळसा घेणाऱ्या लांबच्या मार्गांवर. पृथ्वी गोल असल्यामुळे भारतातून अमेरिकेला जाण्याचा जवळचा रस्ता बऱ्याचदा उत्तर ध्रुवाच्या दिशेने निघतो. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाचं सॅन फ्रान्सिस्को–बंगळूर विमान उत्तर ध्रुवावरून आलं, तेव्हा आपण सगळ्यांनी कौतुकाने ती बातमी वाचली होती. अशा उड्डाणाचे कित्येक तास छत खाली आलेल्या भागात जातात. लंडन, फ्रँकफर्टच्या प्रवासात हा भाग कमी असतो, पण अगदी नसतो असं नाही.

महिन्यांचं म्हणाल तर उत्तर गोलार्धात हिवाळ्याचा शेवट आणि वसंत, म्हणजे साधारण फेब्रुवारी ते मे. ओझोन मुख्यतः विषुववृत्ताच्या वरच्या आकाशात, भरपूर उन्हात तयार होतो आणि मग उंचावरचे प्रवाह त्याला ध्रुवाकडे वाहून नेतात. हिवाळाभर तो तिकडे साठत जातो आणि वसंतात स्थितांबराच्या तळाशी त्याचं प्रमाण सर्वांत जास्त होतं. ऑगस्ट-सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ते सर्वांत कमी असतं.

आपल्याकडचे आई-वडील नेमके मार्च-एप्रिल-मेमध्ये निघतात. पुण्याचा उन्हाळा टळतो, तिकडची थंडी ओसरलेली असते आणि गणपतीपर्यंत परत येता येतं. ज्यांना श्वासाचा त्रास आहे आणि तारखा हातात आहेत, त्यांनी गणपती आटोपून निघण्याचा विचार करावा. ताई पुढच्या खेपेला सप्टेंबरातच गेली.

आणखी एक गोष्ट. इंधन जळून विमान हलकं होत गेलं की वैमानिक ते टप्प्याटप्प्याने आणखी उंच नेतात. त्यामुळे लांबच्या प्रवासाचा उत्तरार्ध पूर्वार्धापेक्षा जास्त उंचीवर होतो.

हा त्रास पहिल्यांदा लक्षात कधी आला?

१९७६ मध्ये बोइंग ७४७ एसपी हे आखूड बांध्याचं, लांब पल्ल्याचं विमान सेवेत आलं. न्यूयॉर्क ते टोकियो ते न थांबता जायचं, तेही उंचावरून आणि उत्तरेवरून. त्यानंतरच्या हिवाळ्यात आणि वसंतात त्या मार्गावरचे कर्मचारी आणि प्रवासी खोकला, घशाची आग, छातीत दुखणं, डोकेदुखी अशा तक्रारी करू लागले. तपास झाला आणि कारण ओझोन निघालं. त्याच सुमारास नासाने प्रवासी ७४७ विमानांवर उपकरणं बसवून वरच्या हवेची मोजमापं घेतली होती, त्यांचा इथे उपयोग झाला. पुढे १९९४ पासून युरोपीय संशोधकांनी एअरबस ए३४० विमानांवर अशीच उपकरणं नियमित प्रवासात चढवली. विमान ज्या उंचीवरून उडतं तिथे किती ओझोन असतो, हे आज त्यामुळे चांगलं माहीत आहे.

मला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. हा विषय प्रयोगशाळेतून पुढे आला नाही. माणसांनी आपल्याला काय होतंय ते सांगितलं आणि "कोरड्या हवेने होतं" एवढ्यावर त्यांची बोळवण झाली नाही, म्हणून तो पुढे आला.

किती ओझोन चालतो? नियम काय म्हणतो?

अमेरिकेने १९८० साली नियम केला. त्यात दोन मर्यादा आहेत. ३२,००० फुटांच्या वर केबिनमधला ओझोन कोणत्याही क्षणी २५० पीपीबीच्या पुढे जाता कामा नये. आणि २७,००० फुटांच्या वर कोणत्याही तीन तासांची सरासरी १०० पीपीबीच्या आत राहायला हवी. युरोपच्या विमान-प्रमाणन नियमांतही हेच आकडे आहेत. आपण बसतो ती बोइंग आणि एअरबस विमानं याच चौकटीत तयार होतात.

आता हे आकडे आपल्या ओळखीच्या मापात आणू. आपल्या देशात रस्त्यावरच्या हवेसाठी ओझोनची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनाही आठ तासांसाठी तेवढंच सांगते. ओझोनचे १०० मायक्रोग्रॅम म्हणजे सुमारे ५० पीपीबी. म्हणजे विमानातली सरासरीची मर्यादा लक्ष्मी रोडवर लागू असलेल्या मर्यादेच्या जवळपास दुप्पट आहे, आणि क्षणिक मर्यादा पाचपट. तीन तासांची सरासरी आणि आठ तासांची सरासरी यांची तुलना तंतोतंत होत नाही, हे मान्य. पण विमानात बसलेला माणूस कधी कधी चौदा-पंधरा तास तीच हवा घेत असतो आणि उठून खिडकी उघडायला जाऊ शकत नाही. १९८० नंतर ओझोनबद्दलचं वैद्यकीय ज्ञान खूप वाढलं, शहरांच्या मर्यादा त्यानुसार कडक होत गेल्या. विमानांचा आकडा जिथे होता तिथेच राहिला. मला तो अपुरा वाटतो.

एक तांत्रिक बाब. नियमातले आकडे "समुद्रसपाटीला समतुल्य" असतात. केबिनमध्ये हवेचा दाब जमिनीवरच्या सुमारे तीन-चतुर्थांशापर्यंत उतरू शकतो. तिथल्या हवेत एकूण रेणूच कमी, म्हणून केबिनमध्ये १३३ पीपीबी दिसले तर ते समुद्रसपाटीच्या १०० च्या बरोबरीचे धरतात. कोणी उपकरण नेऊन विमानात मोजमाप केलं, तर आकडा नियमाशी ताडण्याआधी हे गणित करावं लागतं.

विमानातली हवा रुग्णालयासारखी गाळलेली असते म्हणतात. मग ओझोन कसा उरतो?

केबिनमधली साधारण निम्मी हवा फिरवून पुन्हा वापरली जाते आणि ती हेपा फिल्टरमधून जाते. हा फिल्टर धूळ, जिवाणू, विषाणू असलेले थेंब उत्तम अडवतो. ओझोन वायू आहे, तो त्या जाळीतून सरळ पार होतो. पिठाच्या चाळणीने वाफ अडेल का, तसंच.

इंजिनात हवा एवढी तापते, तिथे ओझोन नष्ट होत नाही का?

थोडा होतो, पण पुरेसा नाही. बहुतेक विमानांत केबिनची हवा इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून काढतात, तिला ब्लीड एअर म्हणतात. दाबल्यामुळे ती दोनशे अंशांच्या वर तापते. उष्णतेने ओझोन मोडतो, पण त्याला वेळ लागतो आणि हवा त्या वाटेतून क्षणार्धात निघून जाते. म्हणून त्या गरम हवेच्या नळीतच एक डबा बसवतात, ओझोन कन्व्हर्टर. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रं असतात आणि त्यांच्या भिंतींवर पॅलेडियमसारख्या मौल्यवान धातूचा लेप. ओझोन त्या लेपाला स्पर्श करून जाताना मोडतो आणि साधा ऑक्सिजन होऊन बाहेर पडतो. गाडीच्या सायलेन्सरच्या आधी जो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, त्याच कुळातली ही वस्तू.

बोइंग ७८७ मध्ये केबिनची हवा इंजिनातून न काढता विजेवर चालणाऱ्या वेगळ्या कॉम्प्रेसरने घेतात. तिथेही ओझोन मोडण्याची सोय करावीच लागते, कारण बाहेरची हवा तीच.

दोन गोष्टी इथे लक्षात ठेवायला हव्यात. पहिली अशी की हा डबा कायम सारखा काम करत नाही. तेलाचा अंश, धूळ, इतर घाण बसून लेप मंदावतो, म्हणून तो ठरावीक काळाने स्वच्छ करावा किंवा बदलावा लागतो. दुसरी अशी की नियम फक्त केबिनमधल्या प्रमाणावर बोट ठेवतो, अमुकच यंत्र बसवा असं म्हणत नाही. कंपनीने मार्ग आणि उंची अशी निवडली की मर्यादा ओलांडली जाणार नाही, तर डब्याशिवायही नियम पाळला जातो. त्यामुळे लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानांत कन्व्हर्टर बहुधा असतो आणि आखूड मार्गांवरच्या लहान विमानांत बऱ्याचदा नसतो.

प्रत्यक्ष विमानांत किती ओझोन सापडला आहे?

२००६-०७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी बॅटरीवर चालणारं मापनयंत्र घेऊन ७६ प्रवासी उड्डाणांत मोजणी केली. प्रत्येक उड्डाणातला सर्वांत जास्त ओझोनचा एक तास त्यांनी वेगळा काढला. कन्व्हर्टर असलेल्या देशांतर्गत विमानांत त्या तासाची सरासरी ४.७ पीपीबी होती आणि नसलेल्या विमानांत ४७. बरोबर दहापट फरक. एका उड्डाणात तो तास २७५ पीपीबीपर्यंत गेला. महासागर ओलांडणाऱ्या आठ उड्डाणांत सगळीकडे कन्व्हर्टर होते, तरी एकात ५८ पीपीबी मिळाले. कन्व्हर्टर नसलेल्या विमानांत फेब्रुवारी-मार्चचे आकडे ऑगस्ट-सप्टेंबरपेक्षा सुमारे ७० पीपीबीने जास्त येतात, असंही त्यांच्या गणितातून दिसलं.

मला यातला ४.७ हा आकडा सर्वांत बोलका वाटतो. नळीत बसणाऱ्या एका डब्याने प्रश्न जवळजवळ संपतो. 

ओझोनचा त्रास आणि कोरड्या हवेचा त्रास, यातला फरक कसा ओळखायचा?

खात्रीने ओळखता येत नाही, आणि गोंधळाचं मूळ तिथेच आहे. उंचावरच्या केबिनची आर्द्रता १० ते २० टक्के, कधी त्याहूनही कमी असते. तेवढ्याने ओठ फुटतात, डोळे चुरचुरतात, घसा कोरडा पडतो. केबिनचा दाब ८,००० फुटांच्या बरोबरीचा असू शकतो. कळसूबाई १,६४६ मीटर आहे आणि हे २,४३८ मीटर झाले, म्हणजे आपण महाराष्ट्राच्या सर्वांत उंच शिखराच्याही वर तासन्‌तास बसलेले असतो. त्यानेही डोकं दुखतं.

ओझोनची म्हणून जी खूण सांगितली जाते ती छातीतली: खोल श्वास घेताना टोचल्यासारखं किंवा आवळल्यासारखं होणं आणि त्या श्वासासरशी खोकला येणं. पाणी प्यायल्याने घशाचा कोरडेपणा कमी होतो, हे छातीतलं टोचणं कमी होत नाही. प्रवास सुरू होऊन काही तासांनी ते सुरू झालं आणि उतरल्यावर ओसरलं, तर ओझोनचा संशय घ्यायला जागा आहे.

दमा किंवा सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) आहे. जावं की नको?

बहुतेकांनी जावं, तयारीने जावं. निघण्याच्या महिनाभर आधी आपल्या छातीच्या डॉक्टरांना भेटा आणि मार्ग, महिना, किती तासांचं उड्डाण हे सगळं सांगा. "अमेरिकेला चाललोय" एवढंच सांगून भागत नाही. रोजचा पंप एकही दिवस चुकवू नका, विशेषतः निघण्याआधीच्या धावपळीत. लगेच आराम देणारा पंप हँडबॅगेत, तोही सीटखालच्या. वरच्या कप्प्यात ठेवला तर झोपलेल्या शेजाऱ्याला उठवायचा संकोच होतो आणि माणूस सहन करत बसतो. ताईने नेमकं तेच केलं होतं. स्पेसर (पंपाला जोडायची नळी) वापरत असाल तर तोही जवळ हवा.

जमेल तिथे तुलनेने नव्या मोठ्या विमानाचं तिकीट निवडा. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० मध्ये केबिनचा दाब सुमारे ६,००० फुटांच्या बरोबरीचा ठेवतात, श्वासाच्या रुग्णाला तेवढाही दिलासा मोलाचा असतो.

त्रास झाला तर "छातीत टोचतंय, दमा आहे" असं स्पष्ट सांगा. "जरा खोकला येतोय" म्हटलं की गरम पाणी मिळतं आणि विषय संपतो.

ओझोनला वास असतो का?

असतो. त्याचं नावच "वास येणे" या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडलं, १८४० मध्ये. अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या झेरॉक्सच्या दुकानात यंत्र सतत चालू असताना जो तिखट, धातूसारखा वास यायचा, त्यात ओझोन होता. मे महिन्यात वळवाच्या विजा कडाडल्यावर क्वचित येणारा वासही त्याचाच. नाक तो अगदी कमी प्रमाणातही पकडतं, पण थोड्या वेळात सरावतं. म्हणून वास येत नाही याचा अर्थ ओझोन नाही, असा होत नाही.

एन-९५ मास्कने फायदा होतो का?

ओझोनसाठी नाही, तो कणांसाठी आहे. सक्रिय कोळशाचा थर असलेला मास्क काही प्रमाणात ओझोन मोडतो. मात्र श्वासाला जड जाणारा मास्क दम्याच्या माणसाने तासन्‌तास लावण्याआधी डॉक्टरांना विचारावं. साध्या मास्कने नाकातला ओलावा टिकतो, एवढा फायदा नक्की. डोक्यावरची हवेची नळी बंद केल्याने ओझोन कमी होत नाही, आजूबाजूची हवा तीच असते.

केसांना तेल लावून बसलं तर चालेल का? अत्तर, सुगंधी पुसणी (वेट वाइप्स)?

संघात हा प्रश्न एखाद्या काकूंनी विचारला की बाकीचे हसतात, पण प्रश्न अतिशय रास्त आहे. केबिनमधला बराचसा ओझोन माणसंच खातात: आपली त्वचा, केस आणि कपडे. केबिनची प्रतिकृती उभारून केलेल्या प्रयोगांत असं दिसलं की आतला ओझोन कमी होण्यात अर्ध्याहून अधिक वाटा बसलेल्या माणसांचा असतो. त्वचेच्या नैसर्गिक तेलात स्क्वालीन नावाचा पदार्थ असतो, त्याच्या रेणूत सहा दुहेरी बंध असतात आणि ओझोन दुहेरी बंधांवरच तुटून पडतो. त्यातून ॲसिटोनसारखी संयुगं हवेत येतात. त्यातली काही डोळ्यांना आणि घशाला त्रास देतात. म्हणजे ओझोन गेला तरी मागे काहीतरी ठेवून जातो.

खोबरेल तेलात दुहेरी बंध फार कमी असतात, त्यामुळे त्याने फारसं काही बिघडत नाही आणि सुधारतही नाही. तीळतेल, बदामतेलात ते जास्त असतात. लिंबू-संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन, लॅव्हेंडरचा सुगंध यांची ओझोनशी फार चटकन क्रिया होते आणि फॉर्मल्डिहाइड व अतिसूक्ष्म कण तयार होतात. म्हणून उग्र अत्तर, लिंबाच्या वासाची पुसणी विमानात टाळावीत, आणि संत्रं सोलायचंच असेल तर विमानतळावर सोलून खावं. कपडे धुतलेले घाला. अंगावर वापरलेल्या कपड्यांवर त्वचेचं तेल बसलेलं असतं.

सर्वांत जास्त धोका कोणाला?

विमानातल्या कर्मचाऱ्यांना. आपण वर्षातून एकदा जातो आणि बसून असतो. ते महिन्यातून कितीतरी वेळा जातात आणि ट्रॉली ढकलत, उठत-बसत असतात. हालचाल वाढली की श्वास वाढतो, त्याबरोबर आत जाणारा ओझोनही वाढतो. पुण्यातल्या कितीतरी घरांतल्या मुली-मुलगे आज ही नोकरी करतात. त्यांनी "सवयीचा खोकला" म्हणून गप्प बसू नये. कोणत्या उड्डाणात, कोणत्या तासाला, काय झालं याची नोंद ठेवावी. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००२ च्या अहवालात केबिनच्या हवेतल्या काळजीच्या बाबींत ओझोनला वरचं स्थान दिलं होतं, ते प्रवासी आणि कर्मचारी दोघांचा विचार करूनच.

पुण्याचा या विषयाशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो सांगताना मला अभिमान वाटतो. शिवाजीनगरला आपण ज्याला आजही सिमला ऑफिस म्हणतो, ती हवामान खात्याची इमारत. १९२८ मध्ये खात्याचं मुख्यालय सिमल्याहून इथे आलं, म्हणून ते नाव. १९४८ मध्ये अण्णा मणी नावाची तरुण शास्त्रज्ञ पुण्याच्या उपकरण विभागात रुजू झाली. साठच्या दशकात त्यांच्या नेतृत्वाखाली भारतीय बनावटीचं ओझोनसोंड तयार झालं. फुग्याला बांधून आकाशात सोडायचं हे छोटं उपकरण. त्यातला पंप हवा खेचून पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणातून बुडबुडे काढतो, ओझोन त्यातलं आयोडीन मोकळं करतो आणि त्यातून निर्माण होणारी वीज मोजली की प्रत्येक उंचीवरचा ओझोन कळतो. पुण्याच्या आकाशात असे फुगे वर्षानुवर्षं सोडले गेले. आज पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत वातावरणातल्या ओझोनवर काम चालतं.

पुण्याच्या हवेतही ओझोन असतो ना? मग विमानाचंच काय एवढं?

असतो. गाड्यांच्या धुरातले वायू आणि कडक ऊन मिळून तो बनवतात, म्हणून मार्च ते मे दुपारी तो वाढतो. गंमत म्हणजे भर चौकात तो कमी सापडतो, कारण ताज्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड त्याला खातो, आणि शहराबाहेर वाऱ्याच्या दिशेला जास्त. पण इथे दुपारी आपण घरात बसू शकतो, दारं-खिडक्या लावल्या की आतला ओझोन भिंती-पडद्यांवर आदळून भराभर कमी होतो. विमानात बाहेरची हवा सतत येत असल्याने ती सुटका नाही.

विमान कंपनीला नेमकं काय विचारायचं?

लेखी विचारा, ईमेलने. "माझ्या उड्डाणासाठी वापरल्या जाणाऱ्या विमानात ओझोन कन्व्हर्टर आहे का, आणि त्याची देखभाल वेळापत्रकानुसार झाली आहे का?" एवढंच. पहिलं उत्तर बहुधा "आम्ही सर्व नियम पाळतो" असं येईल. पुन्हा विचारा. जेवणात शेंगदाणे आहेत का, हे विचारल्यावर उत्तर मिळतं, मग श्वासातल्या हवेबद्दल का मिळू नये? तिकिटाच्या माहितीत विमानाचा प्रकार आणि जेवणाचा पर्याय लिहितात, त्याच्याच खाली कन्व्हर्टर असल्याची एक ओळ लिहायला काहीच अडचण नसावी. आमच्या संघातल्या काही जणांनी असे ईमेल पाठवायला सुरुवात केली आहे.

उंचीवरच्या किरणोत्सर्गाचा आणि ओझोनचा संबंध आहे का?

नाही. वैश्विक किरणांचा मारा उंचीवर आणि ध्रुवाजवळ वाढतो हे खरं, पण तो वेगळा विषय आहे आणि कन्व्हर्टरचा त्याच्याशी काही संबंध नाही.

उतरल्यावर खोकला राहिला तर किती दिवस थांबायचं?

ओझोनची चुरचुर सहसा काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत निवळते. त्यापुढे राहिली, ताप आला, कफाचा रंग बदलला किंवा पंप नेहमीपेक्षा जास्त लागायला लागला तर तिथल्या डॉक्टरांकडे जा. विमा काढलाय तो यासाठीच, मुलांना त्रास नको म्हणून अंगावर काढू नका. आणि लांबच्या प्रवासानंतर एकाच पायाची पोटरी सुजली किंवा दुखू लागली, अचानक धाप लागली, छातीत कळ आली, तर ती पायातल्या रक्ताच्या गुठळीची किंवा हृदयाची खूण असू शकते. तेव्हा ओझोन, एसी, दगदग असा कशाचाच विचार करत बसायचं नाही, तडक इमर्जन्सीत जायचं.